मुसंदमची धाऊ-सफर: पूर्ण दिवस की अर्धा, आणि मुळात कोणत्या बंदरातून?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे हे उत्तर कोणत्या परिस्थितीला धरून आहे ते इतरांनाही कळेल. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तुम्ही पुण्याहून दुबईला बहिणीकडे येणार आहात. सोबत सत्तरी ओलांडलेले आई-वडील, पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी आहे. वडिलांचे गुडघे दुखतात. आई शाकाहारी आहे आणि तिला घाटातसुद्धा मळमळते. ओमानच्या मुसंदम भागातले ‘अरबस्तानचे फ्योर्ड’, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या लांब अरुंद खाड्या, पारंपरिक धाऊतून, म्हणजे जुन्या घाटाच्या अरबी होडीतून, पाहण्याची तुमची इच्छा आहे, आणि सफर पूर्ण दिवसाची घ्यावी की अर्ध्या दिवसाची, एवढेच तुम्ही विचारले आहे.

मी आखातात राहतो आणि हिवाळ्यात मराठी कुटुंबांचे गट मुसंदमला नेणे हा माझ्या कामाचाच भाग आहे. त्या अनुभवावरून सांगतो की तुम्ही विचारलेला प्रश्न क्रमाने शेवटचा आहे. त्याच्या आधी तीन गोष्टी ठरायला हव्यात: तुमच्या हातात कोणत्या प्रकारचा व्हिसा असेल, होडी कोणत्या बंदरातून सुटेल आणि त्याच रात्री दुबईला परतायचे आहे का. या तिन्हींची उत्तरे मिळाली की पूर्ण की अर्धा याचा निर्णय बहुतेक वेळा आपोआप होतो.

व्हिसाचा विषय रुक्ष आहे, पण इथे चूक झाली तर पुढचे सगळेच कोसळते. मुसंदम हा ओमानचा भूभाग आहे, मात्र उरलेल्या ओमानपासून तो तुटलेला आहे. मध्ये संयुक्त अरब अमिरातीचा प्रदेश येतो. म्हणजे दुबईहून मुसंदमला जाताना तुम्ही अमिरातीतून रीतसर बाहेर पडता आणि परतताना पुन्हा प्रवेश करता. पर्यटक व्हिसा एकदाच प्रवेश देणारा असेल, तर खसबला, म्हणजे मुसंदमच्या मुख्य बंदराच्या गावी, जाताना सीमेवर शिक्का बसताक्षणी तो संपतो आणि परतीसाठी नवा लागतो. त्यामुळे व्हिसा काढतानाच एजंटला ‘मल्टिपल एन्ट्री’ हवा असे स्पष्ट सांगा. ओमानचा व्हिसा वेगळा. तो रॉयल ओमान पोलिसांच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन काढता येतो. भारतीय पासपोर्टवर अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेनसारखा चालू व्हिसा असेल तर सवलतीही आहेत, पण त्या बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी त्या आठवड्याचा नियम पाहूनच ठरवा. तुमच्या बहिणीकडे अमिरातीचा रहिवासी परवाना असला, तरी तिच्यासाठीचे नियम आणि तुमच्यासाठीचे नियम एकच नाहीत. ‘मी गेले होते, काही लागले नाही’ हे नातेवाइकांचे वाक्य सीमेवर उपयोगी पडत नाही.

आता बंदर. दुबईत ‘मुसंदम धाऊ क्रूझ’ या एकाच नावाने दोन अगदी वेगळ्या सफरी विकल्या जातात आणि गोंधळ बहुतेक इथेच होतो. एक सफर पश्चिमेकडच्या खसब बंदरातून निघते. दुसरी पूर्व किनाऱ्यावरच्या दिब्ब्याहून. दिब्बा दुबईपासून जवळ पडते. तिकडच्या सहलींत आयोजक पासपोर्टच्या प्रती आधी मागवून प्रवेशाची परवानगी काढून देतात, त्यामुळे हॉटेलच्या टेबलावर मिळणारी दिवसभराची स्वस्त सहल बहुधा दिब्ब्याचीच असते. त्यात वाईट काही नाही. पाणी स्वच्छ असते, कड्यांत गुहा आहेत, तरुण मंडळींना उड्या मारायला आणि पोहायला भरपूर वाव असतो. पण तो किनारा ओमानच्या आखाताला, म्हणजे पुढे थेट अरबी समुद्राला मिळणाऱ्या उघड्या पाण्याला तोंड करून आहे. होडी किनाऱ्याच्या कडेकडेने उत्तरेला जाते आणि परत येते. जाहिरातीत दिसतात तशा, दोन्ही बाजूंनी डोंगरांनी वेढलेल्या लांब अरुंद खाड्या त्या वाटेवर दिवसाभरात येत नाहीत, आणि समुद्र जरा हलला की आईला त्रास झालाच म्हणून समजा.

तुम्हाला जे पाहायचे आहे ते खसबहून दिसते. बंदराबाहेर पडून टोकाला वळसा घातला की खोर शम लागते. खोर म्हणजे खाडी. ही सुमारे सोळा-सतरा किलोमीटर आत शिरलेली आहे, आणि तिच्या आत पाणी इतके स्थिर असते की अनेकदा काठावरच्या खडकाचे प्रतिबिंब मोडत नाही. कारण सरळ आहे: या भागात हिवाळ्यात त्रास देतो तो ‘शमाल’, म्हणजे वायव्येकडून येणारा वारा, आणि खाडीच्या काठचे चुनखडीचे डोंगर त्याला अडवतात. हलणारा भाग म्हणजे बंदर ते खाडीचे तोंड एवढाच. जाताना अर्धा तास, येताना अर्धा तास. सकाळी तो भाग बहुधा शांत असतो. दुपारनंतर वारा उठतो, म्हणून परतीचा अर्धा तास जातानाच्या अर्ध्या तासापेक्षा जास्त हलवतो. मळमळणाऱ्या माणसाच्या दृष्टीने दिवसातली कठीण वेळ कोणती, ती त्यामुळे आधीच सांगता येते, आणि गोळी कधी घ्यायची तेही ठरवता येते. त्याकडे पुढे येतो.

थोडे या जागेविषयी, कारण ती कशी घडली हे कळले की तिथे काय मिळेल आणि काय मिळणार नाही तेही कळते. नॉर्वेचे फ्योर्ड हिमनद्यांनी कोरले. मुसंदममध्ये हिमनदीचा संबंध नाही. अरबी भूखंडाचा पट्टा युरेशियाच्या पट्ट्याखाली रेटला जात आहे, त्यात हे टोक खाली खचत गेले. हिमयुगानंतर समुद्रही वर चढला, आणि डोंगरांमधल्या दऱ्यांत पाणी शिरले. म्हणजे तुम्ही ज्यांतून होडीने जाता त्या मुळात बुडालेल्या दऱ्या आहेत आणि आजूबाजूला दिसणारे कडे हे त्या डोंगरांचे वरचे भाग. आपल्या कोकणातल्या खाड्याही समुद्र नद्यांच्या खोऱ्यांत शिरूनच झाल्या आहेत, पण तिथे वरून गोडे पाणी येते, गाळ येतो, कांदळवन वाढते. मुसंदमला बारमाही नदी नाही. त्यामुळे झाड जवळजवळ नाही, चिखल नाही, आणि खडक सरळ पाण्यात उतरतो. होडी कड्याच्या इतकी जवळून जाते की थरांमधल्या भेगा मोजता याव्यात. माझ्या गटातले कोकणातले एक आजोबा हे सगळे शांतपणे पाहून म्हणाले होते, ‘आमच्याकडे हेच झाडांसकट आहे.’ त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. हिरवाई पाहायला कोणी मुसंदमला जाऊ नये. इथे पाहायचा तो उघडा दगड, वाकलेले थर आणि त्यांच्या पायाशी गडद निळे पाणी.

दगडाबद्दल एक व्यावहारिक गोष्ट. भर दुपारी, डोक्यावर ऊन असताना, हे कडे सपाट राखाडी दिसतात आणि फोटो निराश करतात. थर उठून दिसतात ते तिरप्या उन्हात, म्हणजे सकाळी दहाच्या आत किंवा तीननंतर. डिसेंबरमध्ये सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, त्यामुळे पूर्ण दिवसाची होडी चारच्या आसपास परतते तेव्हा प्रकाश चांगला असतो. फोटोंची हौस असणाऱ्यासाठी हा पूर्ण दिवसाच्या बाजूचा मुद्दा आहे. ड्रोन मात्र आणू नका. ओमानमध्ये परवानगीशिवाय तो उडवता येत नाही.

तर आता तुमचा मूळ प्रश्न. अर्ध्या दिवसाची सफर साधारण तीन ते चार तासांची असते आणि ती सकाळीही निघते, दुपारीही. पूर्ण दिवसाची साडेनऊ-दहाला निघून चारच्या सुमारास परत येते. त्यात होडीवरच जेवण असते. बरेच लोक असे धरून चालतात की पूर्ण दिवस म्हणजे दुप्पट देखावे. तसे नाही. दोन्ही होड्या त्याच खोर शममध्ये जातात. डॉल्फिन, पाण्याकाठची गावे आणि टेलिग्राफ बेट हे दोन्हींत येते. पूर्ण दिवसात वाढते ते असे: पोहण्याचा आणखी एक मुक्काम, बहुधा सीबी बेटापाशी, खाडीच्या आतल्या फाट्यांमध्ये शिरायला मिळणारा वेळ, जेवण, आणि काहीही न करता गादीवर लोळण्याचे दोन तास. म्हणून मी लोकांना विचारतो की हे शेवटचे दोन तास तुम्हाला हवे आहेत की ते तुम्हाला नकोसे होतील. ज्यांना पोहायचे नाही, खाली बसवत नाही आणि मोबाइलला रेंज नसली की अस्वस्थ वाटते, त्यांना अर्धा दिवस पुरेसा आहे आणि त्यात त्यांचे काहीही हुकत नाही.

तुमच्या कुटुंबात हे दोन्हीकडे ओढणारे आहे. सहा वर्षांच्या मुलीला पाण्यात दोनदा उतरायला मिळणे ही सफरीतली सर्वांत मोठी गंमत असेल. वडिलांना मात्र सहा तास खाली बसणे जड जाईल. धाऊवर सहसा खुर्च्या नसतात. मुख्य डेकवर गालिचे अंथरलेले असतात, दोन्ही कडांना गाद्या आणि लोड असतात, वर कापडी किंवा पक्के छत असते, आणि चढताना चपला-बूट काढून एका टोपलीत टाकायचे असतात. ही बैठक पाहून आपल्या मंडळींना फार आनंद होतो. पण गुडघ्याचे दुखणे असलेल्या माणसाला तिथून उठताना दर वेळी कोणाचा तरी हात लागतो. काही होड्यांवर कडेने बाकडी असतात. बुकिंग करतानाच ‘बाकडे आहे का, नसल्यास एक प्लॅस्टिकची खुर्ची ठेवाल का’ असे विचारा. ही मागणी त्यांना नवीन नसते आणि बहुतेक जण हो म्हणतात.

याहून महत्त्वाचे आहे होडीत चढणे, आणि त्याबद्दल कोणतीही जाहिरात बोलत नाही. खसब बंदरात धाऊ धक्क्याला एकीशेजारी एक अशा लावलेल्या असतात. तुमची होडी दुसऱ्या रांगेत असेल तर पहिल्या होडीच्या डेकवरून पलीकडे जावे लागते. त्यात भरती-ओहोटीचा फरक. भरतीला डेक धक्क्याच्या बरोबरीने असतो आणि एक पाऊल टाकले की आत. ओहोटीला तोच डेक बराच खाली जातो, मग एखादी फळी किंवा लाकडी पायरी लावतात आणि खलाशी दोन्ही हात धरून उतरवतात. होडी तेव्हा स्थिर नसते. वडिलांनी आधी बसलेल्या माणसाच्या हाताला धरू नये, उभ्या खांबाला किंवा खलाशाच्या मनगटाला धरावे, आणि होडी वर येण्याच्या क्षणी पाऊल टाकावे. खलाशी ते सांगतातच. आयोजकाला आदल्या दिवशी फोन करून ‘वयस्कर माणसे आहेत, होडी धक्क्यालगत लावा’ असे सांगितले तर ते सहसा तशी व्यवस्था करतात. स्वच्छतागृह एकच असते, अरुंद, कमोडचे, आणि आत जाताना उंबरा ओलांडावा लागतो. होडी चालू असण्यापेक्षा थांबलेली असताना ते वापरणे सोयीचे.

आता परतीचा प्रश्न, ज्याच्यावर माझे मत सर्वांत ठाम आहे. दुबई ते खसब अंतर सुमारे दोनशे किलोमीटर. रास अल खैमाच्या पुढे अल दारा इथे अमिरातीची चौकी आणि लगेच तिबात इथे ओमानची. चौक्यांवर गर्दी नसेल तर एकूण अडीच-तीन तासांत पोहोचता येते. गर्दी असेल तर सीमेवर किती वेळ जाईल ते कोणीच सांगू शकत नाही. साडेनऊची होडी पकडायची म्हणजे दुबईहून पहाटे पाचला निघायचे. चारला होडीतून उतरून पुन्हा सीमा, मग रास अल खैमाची वाहतूक, आणि घरी पोहोचायला रात्रीचे आठ-नऊ. हे तिशीतल्या मित्रांना जमते. सत्तरीच्या माणसांना आणि सहा वर्षांच्या मुलीला घेऊन करू नये. त्यांच्या लक्षात खाडी राहत नाही, गाडी राहते.

म्हणून माझा सल्ला असा की आदल्या दिवशी दुपारी निघून खसबला मुक्काम करा. तिबातपासून खसबपर्यंतचा रस्ता कडा फोडून समुद्राच्या अगदी काठाने काढलेला आहे, मध्ये बुखाचा किल्ला लागतो, आणि हा रस्ता उजेडात पाहण्यासारखा आहे. रात्री लवकर झोपा, सकाळी न घाईने न्याहारी करून बंदरावर जा, पूर्ण दिवसाची सफर घ्या आणि संध्याकाळी दमणूक नसेल तर परता. असेल तर आणखी एक रात्र राहा. मुक्काम अजिबात शक्य नसेल तर खसबहूनच अर्ध्या दिवसाची दुपारची होडी घ्या, म्हणजे पहाटेची धावपळ टळते. आईला परतीच्या हेलकाव्यांचा त्रास होण्याची शक्यता मात्र धरून चाला.

इथपर्यंतचे एका ओळीत सांगायचे तर: मल्टिपल एन्ट्री व्हिसा, खसब बंदर, एक रात्र मुक्काम, मग पूर्ण दिवस, मुक्काम नसेल तर अर्धा दिवस, आणि आईची तब्येत डोळ्यांसमोर ठेवली तर दिब्बा नको.

तारीख निवडताना दोन गोष्टी पाहा. ओमानमध्ये साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार असते आणि अमिरातीत 2022 पासून शनिवार-रविवार, शिवाय शुक्रवारी अर्धा दिवस. म्हणजे शनिवारी दोन्ही देशांची सुट्टी एकत्र येते आणि सीमेवर व बंदरावर दोन्हीकडे गर्दी होते. 2 डिसेंबरच्या अमिरातीच्या राष्ट्रीय दिनाच्या आसपास तर विचारूच नका. तुमचा दुसरा आठवडा त्यातून सुटतो हे बरे आहे. सोमवार ते बुधवार यांपैकी दिवस घ्या. दुसरी गोष्ट, हिवाळ्यात खसबला मोठी क्रूझ जहाजे येतात. ज्या दिवशी जहाज लागते त्या दिवशी शेकडो प्रवासी एकदम उतरतात, बहुतेक धाऊ त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या असतात, आणि एरवी शांत असणाऱ्या खाडीत होड्यांची रांग लागते. आयोजकाला तारीख देताना ‘त्या दिवशी जहाज आहे का’ हे विचारा. त्यांना वेळापत्रक माहीत असते.

शमाल जोरात असेल तर होड्या सोडत नाहीत. त्यावर वाद घालू नये आणि ‘आम्ही इतक्या लांबून आलो’ असे सांगून कोणाला गळ घालू नये. मुक्काम असण्याचा हाही एक फायदा: आज होडी नाही तर उद्या आहे. खसबपासून हॉर्मुझची सामुद्रधुनी अगदी जवळ आहे. जगातल्या तेलवाहू जहाजांचा मोठा भाग तिथून जातो. त्या परिसरात राजकीय तणाव असेल अशा काळात भारतीय दूतावासाच्या सूचना पाहिल्याशिवाय निघू नका. तिकीट बुडाले तरी चालेल.

आईच्या मळमळीबद्दल. गोळी कोणती घ्यावी ते तिच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा, कारण या गोळ्यांनी झोप येते आणि वयस्कर माणसांना तोल जाण्याचा धोका असतो. रक्तदाबाच्या किंवा इतर औषधांबरोबर ती चालते का हेही पाहावे लागते. गोळी होडीत बसल्यावर नव्हे, निघण्याच्या साधारण अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बहुधा उलटीबरोबर बाहेर पडते. परतीच्या हेलकाव्यांपर्यंत तिचा परिणाम टिकेल का, हेही डॉक्टरांना विचारून घ्या. न्याहारी पूर्ण टाळू नये. इडली किंवा टोस्ट असे कोरडे, हलके काहीतरी खावे. बसायला होडीचा मधला भाग, जरा मागच्या बाजूला, सर्वांत कमी हलतो. नाळेवरची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरची, जागा सगळ्यांना हवी असते, कारण डॉल्फिन तिथून दिसतात, पण आईला तिथे बसवू नका. आणि एक बारीकशी सूचना: इंजिनाच्या धुराचा वास येतो ती बाजू टाळा. लाटेपेक्षा त्या वासाने जास्त लोकांना त्रास झालेला मी पाहिला आहे. होय, इंजिन असते. धाऊची बांधणी जुन्या घाटाची असली, तरी शीड आता शोभेपुरतेच, आणि काही होड्यांचा सांगाडा लाकडाऐवजी फायबरचा असतो. एकेकाळी ओमानच्या सूर बंदरात या होड्या बांधायला मलबारचा साग जात असे. आज लाकडीच हवी असेल तर तसे विचारून घ्या. सुरक्षेच्या दृष्टीने त्यात फरक पडत नाही.

जेवणाची चिंता करू नका, पण गृहीतही धरू नका. होडीवर साधारणपणे भात, चिकन किंवा मासे, सॅलड, हमूस, रोटी, फळे, चहा-कॉफी आणि पाणी असते. शाकाहारी जेवण आदल्या दिवशी सांगितले तर भाजी-डाळ वेगळी मिळते. खलाशी आणि स्वयंपाकी बहुतेक भारत, बांगलादेश किंवा पाकिस्तानचे असतात, हिंदीत बोलणे होते, त्यामुळे ‘भाजीचा डाव वेगळा ठेवा’ हे समजावणे अवघड जात नाही. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर स्वतःचे ठेपले किंवा दशम्या बरोबर ठेवा. चहा मात्र सतत मिळत राहतो.

डॉल्फिनबद्दल अपेक्षा माफक ठेवा. खोर शममध्ये ते बहुतेक वेळा दिसतात, पण हमी कोणी देत असेल तर ती देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. इथे प्रामुख्याने दिसतो तो कुबडा डॉल्फिन, सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर दिसतो त्याच जातीचा. कळप दिसला की नाखवा, म्हणजे होडी चालवणारा, वेग वाढवतो, खलाशी शिट्ट्या वाजवतात, टाळ्या पिटतात, आणि डॉल्फिन नाळेपुढच्या लाटेवर पोहू लागतात. ते स्वतःहून आले तर बघण्यासारखे असते. पण तीन-चार होड्या मिळून एकाच कळपाच्या मागे लागतात तेव्हा मला ते पटत नाही, आणि माझा गट असेल तर मी नाखव्याला इंजिन मंद करून थांबायला सांगतो. थांबलेल्या होडीजवळ ते कधी कधी आपणहून येतात. नाही आले तरी बिघडत नाही.

वाटेत पाण्याच्या काठावर नदीफी, कनाहा, मकलब, शम, सीबी अशी छोटी गावे दिसतात. त्यांना रस्ता नाही. पिण्याचे पाणीसुद्धा होडीने येते. मागे उभा डोंगर, पुढे पाणी आणि मध्ये दहा-वीस घरांची ओळ. मुलगी ‘यांची शाळा कुठे’ असे नक्की विचारेल. मुले शिकायला होडीने खसबला जातात. गावकऱ्यांचे, विशेषतः बायकांचे, फोटो काढू नका. आणखी उत्तरेला, टोकाजवळ, कुमझार नावाचे मोठे गाव आहे. तिथेही पाण्यानेच जावे लागते आणि तिथले लोक कुमझारी बोलतात, जी अरबीपेक्षा फारसीला जवळची भाषा आहे. कुमझारची सफर वेगळी, लांबची आणि उघड्या समुद्रातून असते. आईला घेऊन ती घेऊ नका.

टेलिग्राफ बेट हा सफरीचा मुख्य मुक्काम. दिसायला ते काहीच नाही: खडकाचा छोटा उंचवटा आणि त्यावर पडक्या भिंतींचे जोते. पण ते तिथे का आहे हे माहीत असेल तर वडिलांना रस वाटेल. 1864 मध्ये ब्रिटिशांनी हिंदुस्थान आणि इंग्लंड तारेने जोडण्यासाठी इराणच्या आखातातून पाण्याखाली केबल टाकली आणि तिचे एक ठाणे या बेटावर ठेवले. कराचीकडून आलेला संदेश इथून पुढे इराणमधल्या बुशहर आणि इराकमधल्या फावच्या दिशेने जात असे. त्या वेळी कराची मुंबई इलाख्यातच होती. उन्हाळ्यात चारही बाजूंचे डोंगर तापतात, वारा येत नाही, गोडे पाणी नाही, आणि सोबतीला केवळ काही सहकारी, अशा जागी ते तारबाबू राहत. काही वर्षांतच, 1860 च्या दशकाच्या अखेरीस, ठाणे इथून हलवले गेले. आणखी एक गंमत अशी की जुन्या ब्रिटिश नकाशांवर खोर शमचे नाव एल्फिन्स्टन इनलेट आहे आणि मकलबच्या चिंचोळ्या भूपट्टीपलीकडच्या मोठ्या खाडीचे माल्कम इनलेट. ही नावे मुंबईच्या लागोपाठच्या दोन गव्हर्नरांची. मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनचे 2018 मध्ये प्रभादेवी झाले. मुसंदमच्या खाडीला तिथल्या लोकांनी ते नाव कधी लावलेच नाही.

बेटावर उतरायला मिळेलच असे नाही. ते पाण्याच्या पातळीवर आणि नाखव्यावर अवलंबून असते, आणि पायऱ्या झिजलेल्या असल्यामुळे वडिलांनी होडीतूनच पाहिलेले बरे. पोहणे बेटाच्या आसपास होते. डिसेंबरमध्ये पाणी सुरुवातीला गार वाटते, दोन मिनिटांत सवय होते. पाण्याखाली पाहायचे मुखवटे आणि श्वासाच्या नळ्या होडीवर असतात, पण लहान मुलाच्या चेहऱ्याला बसेल असा मुखवटा क्वचितच सापडतो, तो दुबईतूनच घेऊन या. लाइफ जॅकेटही तसेच: ‘लहान मुलांचे आहे’ असे फोनवर सांगतात आणि प्रत्यक्षात मोठ्यांचेच जॅकेट पट्टे आवळून देतात, ज्यातून मूल खाली सरकते. जॅकेट घातल्यावर खांद्याच्या पट्ट्यांना धरून मुलीला वर उचलून पाहा. जॅकेट कानांपर्यंत वर आले तर ते तिच्या मापाचे नाही. खडकांजवळ लांब काटेरी समुद्र-अर्चिन असतात, म्हणून तिला उथळ जागी उभे राहू देऊ नका आणि पायात रबरी बूट घाला. पोहता येत असले तरी तिच्याबरोबर पाण्यात एक मोठे माणूस हवेच, होडीवरून लक्ष ठेवणारे नव्हे.

गाडी बहिणीची असेल तर तिच्या विम्यात ओमान समाविष्ट आहे का ते तपासा, नसेल तर तेवढी वाढ करून घ्या. गाडी भाड्याची असेल तर कंपनीचे लेखी ना-हरकत पत्र लागते, आणि ते आयत्या वेळी मिळत नाही. आईवडिलांची रोजची औषधे असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा. भारतात सहज मिळणाऱ्या काही वेदनाशामक गोळ्यांवर, विशेषतः कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेल्यांवर, इकडे कडक नियम आहेत आणि गुडघ्याच्या दुखण्यावर नेमक्या त्याच लिहून दिलेल्या असू शकतात. खसबमध्ये दिरहम बहुतेक ठिकाणी चालतात, पण सुटे पैसे ओमानी रियालमध्ये परत मिळतात.

दुसरी रात्र राहिलात, तर होडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खसबचा किल्ला पाहा. मूळ बांधकाम सतराव्या शतकातल्या पोर्तुगीजांचे आहे आणि आवारात जुन्या स्थानिक होड्या मांडलेल्या आहेत. जेबेल हरीमला जायचा मोह होईल; तो सुमारे दोन हजार मीटर उंच डोंगर आहे आणि वर सागरी जीवांचे जीवाश्म दिसतात, पण रस्ता कच्चा, वळणांचा आणि फोर-व्हील गाडीचा आहे. आई-वडिलांना किल्ल्यावर बहिणीबरोबर ठेवून तुम्ही तिघे जाऊ शकता. तारीख आणि व्हिसाचा प्रकार नक्की झाला की कळवा, म्हणजे त्या आठवड्यात बंदरात जहाज आहे का ते मी विचारून ठेवीन.